पत्र्याखालचा ताप

एप्रिल उजाडला की जिल्हा प्रशासनाचे उन्हाळी पत्रक येते. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, डोक्याला रुमाल बांधा, ताक-सरबत प्या, घरात थंड जागी थांबा. सल्ला चुकीचा नाही. फक्त तो लिहिणाऱ्याने असे धरून चाललेले असते की ऊन बाहेर असते आणि आत सावली असते. सोलापूर, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या वर्कशॉपमध्ये दुपारी दोन वाजता पाच मिनिटे उभे राहून पाहावे. तिथे सावली आहे, पण थंडावा नाही. बाहेरच्या झाडाखाली अधिक बरे वाटते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत कामगार बाहेर येऊन बसतात.

सरकारी रुग्णालयात उष्माघाताचा म्हणून जो रुग्ण नोंदला जातो, तो बहुधा शेतातला, रस्त्यावरचा किंवा बांधकामावरचा असतो. शेडमधला कामगार 'उष्माघात' या रकान्यात क्वचितच सापडतो. तो मुतखड्याच्या कळा घेऊन येतो, लघवीला जळजळ म्हणून येतो, पायात गोळे येतात म्हणून येतो, 'सलाईन लावा, अंगात ताकदच नाही' म्हणत येतो. मागावर काम करणाऱ्या बायकांचे आणखी एक दुखणे असते. शेडमध्ये धड स्वच्छतागृह नसते, म्हणून त्या पाणीच कमी पितात. केसपेपरवर यातले काहीही 'उष्णता' म्हणून लिहिले जात नाही, आणि लिहिले जात नाही म्हणून मोजलेही जात नाही.

हे सगळे आज लिहायचे कारण वैद्यकाच्या बाहेरचे आहे. अस्तित्वात असलेल्या कारखान्यांच्या इमारतींमध्ये सुधारणा करून त्यांचा वीजवापर जवळजवळ शून्यावर आणण्याची चर्चा सध्या सगळीकडे आहे. ती अभियंते करतात, बँका करतात, सोलर पॅनल विकणारे करतात. आरोग्य खात्याचे कोणी तिथे नसते. माझे म्हणणे असे की शेडचे वीजबिल आणि कामगाराचा केसपेपर ही एकाच छपराची दोन कागदपत्रे आहेत आणि ती शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

आधी शरीराचे पाहू. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. चालत-वाकत काम करताना ती दोन-तीन पट होते. ही उष्णता शरीराबाहेर गेलीच पाहिजे. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर ती हवेत जाते. हवा पस्तीस अंशांच्या पुढे गेली की तो दरवाजा बंद होतो आणि उरतो एकच मार्ग, घाम सुकणे. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण घाम नुसता ओघळून फरशीवर पडला तर पाणीही गेले, मीठही गेले आणि थंडावा मिळालाच नाही. हवेत दमटपणा जितका जास्त, तितका घाम सुकणे अवघड.

आता मागाची शेड डोळ्यांपुढे आणा. सुती धाग्याला दमटपणा हवा असतो, कोरड्या हवेत तो तुटतो. म्हणून खिडक्या बंद ठेवतात, पाणी शिंपडतात. धाग्याला जे मानवते ते घामाला मानवत नाही. त्यात डोक्यावरचा पत्रा. उन्हात त्याचा बाह्यभाग साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतो आणि तो खाली उभ्या माणसाला तव्यासारखा शेकतो. ही उष्णता किरणांच्या रूपात येते, हवेतून नाही. त्यामुळे शेडमधला साधा तापमापक चाळीस दाखवत असला तरी शरीराला त्याहून बरेच जास्त जाणवते. आणि पंखा? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की तापमान चाळीसच्या खाली असेल तरच पंख्याचा उपयोग धरावा, त्याच्या वर तो गरम हवाच अंगावर मारतो.

हे रोज, दोन-तीन महिने, वर्षानुवर्षे चालले तर काय होते? इटलीतल्या एका काच कारखान्यातल्या कामगारांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला होता. भट्टीजवळ काम करणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण ८.५ टक्के आणि साध्या तापमानात काम करणाऱ्यांत २.४ टक्के आढळले. मध्य अमेरिकेतल्या उसाच्या फडांत तरुण मजुरांची मूत्रपिंडे मधुमेह नसताना, आधी रक्तदाबाचा आजार नसताना निकामी होऊ लागली आणि त्यामागे उष्ण हवेतले कष्टाचे काम व वारंवार होणारे निर्जलीकरण हे प्रमुख संशयित ठरले. आपल्याकडे डायलिसिसच्या रांगेतल्या रुग्णाला 'काय काम करता?' हा प्रश्न विचारला जातो, पण 'कशाखाली करता?' हा विचारला जात नाही.

आता इमारतीकडे. 'जवळजवळ शून्य ऊर्जा इमारत' ही संकल्पना युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने रूढ केली. तिचा अर्थ सोपा आहे. इमारतीला मुळात फारच थोडी ऊर्जा लागावी आणि ती थोडीही शक्यतो तिथल्या तिथे सूर्य वगैरेंपासून मिळावी. २०२० नंतरच्या नव्या इमारतींना तिथे हे बंधनकारक झाले. गंमत अशी की कमी ऊर्जा लागणाऱ्या औद्योगिक जागा आणि वर्कशॉप यांना किमान निकषांतून सूट देण्याची मुभा त्याच निर्देशात सदस्य देशांना दिलेली आहे. आपल्याकडेही तेच झाले. २००७ पासून असलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मुख्यतः मोठ्या व्यापारी इमारतींसाठी आहे. २०१२ पासून मोठ्या उद्योगांना वीज-इंधन बचतीची उद्दिष्टे देणारी योजना चालू आहे, पण कापड उद्योगात तिची पात्रता वर्षाला ३,००० टन तेलाइतक्या ऊर्जेपासून सुरू होते. चोवीस मागांची शेड त्यात कशी बसणार? ती एका यादीला फार छोटी आहे आणि दुसऱ्या यादीत तिची जातच नाही.

त्या चोवीस मागांचा ढोबळ हिशेब मांडू. मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर असते, ती प्रत्यक्षात अर्धा किलोवॉट ओढते असे धरू. दोन पाळ्यांचे वीस तास. मागांचे झाले २४० युनिट. बारा जुने पंखे आणि चोवीस चोकवाल्या ट्यूबलाइट यांचे आणखी त्रेचाळीस. म्हणजे दिवसाला तीनशेच्या थोडे खाली. पत्र्याचे क्षेत्र अडीचशे चौरस मीटर असेल, त्यातले दोनशे वापरता आले तर वीस किलोवॉटचे पॅनल बसतात आणि आपल्या उन्हात दिवसाला सुमारे ऐंशी युनिट मिळतात. तीनशे लागतात, ऐंशी मिळतात. म्हणून 'छपरावर सोलर टाका, शून्य होऊन जाल' असे सांगणारा विक्रेता आला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. यंत्रांची वीज धरून शून्य गाठणे अशा शेडला शक्य नाही. दिवे, पंखे, हवा खेळवणे, म्हणजे इमारतीची स्वतःची गरज मात्र शून्यावर आणणे अगदी शक्य आहे, आणि यंत्रांची गरज घटवणेही. यातला फरक स्पष्ट न करता दिली जाणारी 'नेट झिरो' प्रमाणपत्रे मला औषधाच्या बाटलीवरच्या 'शक्तिवर्धक' या शब्दासारखी वाटतात.

या हिशेबात डॉक्टरला रस असणारी गोष्ट वेगळीच आहे. शेडमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन शेडमध्येच राहते. मोटर फिरली, धोटा धावला, कापड विणले गेले, पण ती ऊर्जा घर्षणातून, आवाजातून आणि तापलेल्या मोटरीतून हवेतच उतरली. वीस तासांत तीनशेच्या खाली युनिट म्हणजे सतत चौदा किलोवॉट, म्हणजे दोन किलोवॉटचे सात गिझर खोलीत अखंड चालू ठेवण्यासारखे. छपरावर भर दुपारी पडणारे ऊन तर दोनशे किलोवॉटच्या वर असते, त्याचा दहावा भाग जरी आत शिरला तरी तो सगळ्या मागांच्या उष्णतेपेक्षा जास्त होतो. त्यामुळे वाचवलेले प्रत्येक युनिट दोनदा उपयोगी पडते, एकदा बिलात आणि एकदा कामगाराच्या अंगावर.

हे नुसते तर्कशास्त्र नाही. बंगळुरूच्या परिसरातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत जुने दिवे काढून एलईडी बसवले गेले. हेतू वीज वाचवण्याचा होता. अर्थशास्त्रज्ञांनी रोजच्या उत्पादनाचे आकडे हवामानाशी ताडून पाहिले, तेव्हा गरम दिवसांत घटणारे उत्पादन एलईडीनंतर सावरलेले दिसले, कारण दिवे कमी तापत होते. सरासरी कारखान्याला विजेतून सुमारे २,८८० डॉलर वाचले आणि वाढलेल्या कामातून सुमारे ७,५०० डॉलर मिळाले. दोन्ही धरल्यावर गुंतवणूक वसूल होण्याचा काळ जवळजवळ एक-षष्ठांशावर आला. भारतीय कारखान्यांच्या आणखी एका मोठ्या अभ्यासात (तो २०२१ साली प्रसिद्ध झाला) तापमान एक अंशाने वाढले की वार्षिक उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते, असे आढळले. त्याच अभ्यासात एक बारकावा होता. कामाची जागा थंड केली तर कामाचा वेग टिकतो, गैरहजेरी मात्र थांबत नाही. साहजिक आहे. कामगार सुटल्यावर जातो तोही पत्र्याच्याच खोलीत, आणि रात्रीची झोप न झालेले शरीर दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही.

मग शेडमध्ये करायचे काय? क्रम महत्त्वाचा आहे आणि तो सोलरने सुरू होत नाही, छपराने होतो. चकचकीत नवा पत्रा ऊन परतवतो, पण स्वतःत शिरलेली उष्णता बाहेर फेकण्यात तो कच्चा असतो, म्हणून हात लावला की पोळतो. गंजलेला पत्रा तर ऊन पितोच. पांढरा परावर्तक लेप ऊन परतवतो आणि उष्णताही फेकतो. ताजा लेप सुमारे ऐंशी टक्के ऊन परत पाठवतो, धुळीने हे प्रमाण घटते, म्हणून पावसाळ्यानंतर तो धुवायचा आणि काही वर्षांनी पुन्हा द्यायचा. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे पाच वर्षांचे धोरणच जाहीर केले. छपराखाली हवेची पोकळी सोडून अॅल्युमिनियमचा पडदा ताणला तर शेकणे आणखी कमी होते. दगडी लोकराचा थर दिला तर उष्णतेबरोबर आवाजही शोषला जातो. मागांच्या खडखडाटाने बहिरेपण घेऊन येणारे कामगार आम्ही पाहतो. आठ तासांना नव्वद डेसिबल ही कायद्यातली मर्यादा आहे आणि शेडमध्ये ती सर्रास ओलांडली जाते. ध्वनीसाठी म्हणून कोणी खर्च करणार नाही, उष्णतेसाठी केला तर कानही थोडे वाचतील.

त्यानंतर यंत्रे. तीन-तीनदा गुंडाळून घेतलेल्या मोटरी बदलणे, पंखे बीएलडीसीचे करणे, दिवे एलईडी करणे. मोठ्या ब्लोअरचा वेग वीस टक्के कमी करता आला तर त्याची वीज जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाने बदलते. एअरजेट माग किंवा हवेवर चालणारी हत्यारे असतील तर गळणारी हवा ऐकावी. देखभाल नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरची वीस ते तीस टक्के हवा सांध्यांमधून फुसफुसत वाया जाते. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि गळती शोधायला साबणाचे पाणीही चालते.

हवा खेळवण्याबद्दल मात्र मी थोडा अडून बसणार आहे. ऊर्जाबचतीचे थंड देशांतले पाठ्यपुस्तक सांगते, फटी बुजवा, इमारत घट्ट करा. तिथे उब कोंडून ठेवायची असते. तोच पाठ इथे गिरवला तर कापसाची धूळ आणि क्षयरोगाचे जंतू हे सगळे आत कोंडले जाईल. सुताच्या धुळीने होणाऱ्या आजारात सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. 'सोमवारचा दमा' म्हणून कामगार तो सांगतात आणि दम्याच्या औषधांवर तो वर्षानुवर्षे ढकलला जातो. खोकणारा एक क्षयरुग्ण बंद शेडमध्ये दोन पाळ्या काम करत असेल तर काय होईल हे सांगायला नको. खाली झरोके, वर छपराच्या कण्यावर उघडी फट किंवा फिरते व्हेंटिलेटर, म्हणजे गरम हवा वरून आपोआप निघून जाईल, ही जुनी गिरणीबांधणी करणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. वाचवलेल्या विजेचा हिशेब करताना हवा किती बदलली जाते हा आकडा त्याच कागदावर हवा.

आणखी तीन धोके आहेत, ज्यांच्याबद्दल प्रकल्प अहवालात सहसा अवाक्षर नसते. पहिला जुन्या सिमेंटच्या पत्र्याचा. त्यात अॅस्बेस्टॉस असते. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने त्याचे सगळे प्रकार निश्चित कर्करोगकारक ठरवले आहेत, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तंतू श्वासात गेल्यानंतर वीस-चाळीस वर्षांनी उगवतो. पत्रा अखंड असतो तोवर धोका मर्यादित असतो. पण सोलरच्या चौकटी बसवायला त्याला ड्रिलने भोके पाडली, करवतीने कापला, रंगाआधी तारेच्या ब्रशने खरवडला किंवा जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुतला की तंतू सुटतात. पत्रा अखंड असेल तर ओला करून हलक्या हाताने साफ करावा आणि लेपाखाली झाकून टाकावा. काढायचाच असेल तर ओला, न फोडता, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, योग्य मास्क लावलेल्या माणसांकडून. आज ड्रिल धरणाऱ्या विशीतल्या मुलाचा आजार २०५५ मध्ये दिसेल, तेव्हा कंत्राटदार कुठे असेल?

दुसरा धोका तोच पत्रा फुटून खाली पडण्याचा. पावसाळ्याआधी पत्रे बदलताना, आणि आता पॅनल बसवताना, वरून कोसळलेली माणसे मणका मोडून आमच्याकडे येतात. त्यांतले काही पुन्हा चालत नाहीत. चालायला फळ्या, खाली जाळी, अंगाला पट्टा एवढेच लागते. पॅनल आणि चौकटीचे प्रतिचौरस मीटर बारा-पंधरा किलो वजन जुन्या कैच्या पेलतील का, हेही बांधकाम अभियंत्याने आधी तपासावे. तिसरा धोका आगीचा. स्वस्त म्हणून छपराखाली थर्मोकोल किंवा पॉलियुरेथेन फोम चिकटवला जातो. फोम पेटला तर धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो आणि माणूस ज्वाळा पोचण्याआधी धुराने मरतो. मे २०२५ मध्ये सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. त्या आगीचा संबंध मी फोमशी जोडत नाही. पण सूत, कापड आणि माणसे एकाच छपराखाली असतात तिथे आणखी जळाऊ वस्तू चढवू नये आणि बाहेर पडायचा दुसरा दरवाजा असावा, हे त्यानंतर तरी सांगावे लागू नये.

पैशांचा प्रश्न खरा आहे. छोट्या माग मालकाची परिस्थिती कामगारापेक्षा फार वेगळी नसते, अनेकदा तो स्वतःच माग चालवतो. पण सरकारचा पैसा आजही या शेडमध्ये येतोच. यंत्रमागांना राज्य सरकार वर्षानुवर्षे वीजदरात सवलत देत आले आहे. ही सवलत काढा, असे मी म्हणत नाही, ती काढली तर पहिली कुऱ्हाड मजुरीवर पडेल. पण जास्त वीज जाळेल त्याला जास्त सवलत, ही तिची रचना छपराकडे कोणाला पाहूच देत नाही. सवलतीचा काही भाग तीन वर्षांसाठी एकरकमी स्वरूपात छप्पर, मोटरी आणि वायुविजन यांसाठी द्यावा. २०१७ मध्ये केंद्राने यंत्रमागांसाठी कार्यक्षम मोटरी व सुटे भाग पुरवण्याची 'साथी' योजना आणली, तिच्या केंद्रांत इचलकरंजीचे नाव होते. ऊर्जा दक्षता ब्युरोने जुलै २०२५ मध्ये सुरू केलेल्या योजनेत सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात पाच टक्के सवलत आहे. या योजनांच्या अर्जात किती युनिट वाचणार हे विचारले जाते. शेडमधले तापमान किती उतरणार, हा एक रकाना त्यात वाढवायला कुठल्याही कायद्याची गरज नाही.

कायदा तर १९४८ पासून नोव्हेंबर २०२५ पर्यंत होताच. कारखाने अधिनियमाच्या कलम १३ मध्ये कामाच्या खोलीत शुद्ध हवा खेळती असावी आणि तापमान आरोग्याला अपाय न करणारे असावे, असे म्हटले होते. छप्पर-भिंती उष्णता रोखणाऱ्या साहित्याच्या असाव्यात, हेही तिथेच होते. पण असंख्य शेड कामगारसंख्या कमी दाखवून या कायद्याच्या बाहेर राहिल्या, आणि आत असलेल्यांकडेही निरीक्षकाच्या हातात मोजायला काही नसते. त्याला एक ओल्या वातीचा तापमापक आणि एक काळा गोल तापमापक द्यावा. दमटपणा आणि छपराचे शेकणे या दोन्ही गोष्टी त्यातून कळतात. आमच्या बाजूनेही करण्यासारखे आहे. जिल्हा रुग्णालयात मार्च ते जून या काळात मुतखडा, मूत्रमार्गाचा संसर्ग, पेटके आणि अशक्तपणा यांच्या केसपेपरवर कामाचे ठिकाण आणि छपराचा प्रकार लिहून घ्यायला अर्धा मिनिट लागतो. दोन उन्हाळ्यांची ही नोंद हातात आली तर कोणत्या वसाहतीतली छपरे आधी पांढरी करायची, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

लेप द्यायचे काम कोरड्या, मध्यम उन्हात करायचे असते, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. निविदा मात्र मार्चअखेरीस निघतात.